फोन नसलेल्या घरांचा इतिहास

पोस्टाच्या वरच्या मजल्यावर टेलिफोन एक्स्चेंज होतं, तेव्हापासून ही गोष्ट सुरू होते. जिना लाकडी आणि इतका अरुंद की वरून कुणी येत असेल तर खालच्याने थांबावं. वर एकच खोली. भिंतीला लागून बोर्ड, त्यावर गावातल्या प्रत्येक फोनचं एक भोक आणि प्रत्येक भोकावर नखाएवढी पितळी झाकणी. कुणी घरी रिसीव्हर उचलून दांडा फिरवला की त्याची झाकणी टपकन खाली पडायची. मग बोर्डासमोर बसलेल्या बाई विचारायच्या, "बोला, कोणता नंबर?"

तो आवाज अख्ख्या गावाच्या ओळखीचा होता. बाई मात्र कुणाच्याच ओळखीच्या नव्हत्या.

नोकरी लागली तेव्हा बाई अगदी तरुण होत्या. आईवडील लवकर गेलेले, थोरल्या भावाने वाढवलेलं. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन त्या या गावात उतरल्या आणि पिठाच्या चक्कीमागची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली. चक्की चालू असली की खोलीची भिंत थरथरायची. कपबश्यांवर, उशीवर, खिडकीच्या गजांवर पिठाची बारीक साय असायची. त्या खोलीत आपण वर्षभर राहू, असं त्यांना वाटलं होतं. जन्म गेला.

एकदा चपलेचा पट्टा तुटला म्हणून त्या चांभाराकडे गेल्या. "संध्याकाळपर्यंत मिळेल का?" एवढंच विचारलं, तर चांभाराने हातातली आरी खाली ठेवली.

"अहो! तुम्ही त्या एक्स्चेंजच्या बाई!"

"हो."

त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला वाटलं होतं तुम्ही चांगल्या उंच असाल," तो म्हणाला. आवाजाने बाईंची उंची वाढवून ठेवली होती, त्याला त्या काय करणार!

खात्यात लागताना त्यांनी एका कागदावर सही केली होती. लाइनवर जे कानावर पडेल ते बाहेर बोलायचं नाही. अशा कागदांवर सगळेच सही करतात आणि सगळेच ते विसरतात. बाईंनी ते मनावर घेतलं. कानात आलं ते पोटात गेलं, तिथून ओठांवर कधी आलं नाही. कुणाचं जमिनीवरून भांडण, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न, कुणाचा दुसऱ्या गावातला दुसरा संसार, सगळं त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांना ठाऊक आहे हे गावालाही ठाऊक होतं. पंचाईत इथेच होती. बाई काही बोलत नाहीत याने कुणाचा जीव भांड्यात पडत नव्हता. उलट लोक म्हणत, "एवढं पोटात ठेवते म्हणजे बाई पोहोचलेली असणार."

शेजारच्या बायका पायरीवर शेंगा सोलत गप्पा मारत बसायच्या. बाई घरी आल्या की गप्पांचा आवाज उतरायचा. "या ना, बसा," म्हणत जागा करायच्या, पण मग बोलणं निघायचं ते हवेचं, पाण्याचं, नाहीतर मांजराचं.

एक स्थळ आलं होतं. प्राथमिक शाळेतला शिक्षक, सरळ माणूस. त्याच्या आईने मोडता घातला. "जिच्या कानात सगळं गाव आहे, तिच्या जिभेचा भरवसा कोण देणार?" हे सांगायला तो बिचारा स्वतः आला, चक्कीपाशी सायकल धरून उभा राहिला. बाईंनी ऐकून घेतलं. ऐकायची सवयच होती. "बरं," म्हणाल्या, आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. पुन्हा स्थळ आलं नाही. त्यांनीही पाहिलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली आणि मग गावाला नंबर फिरवायचे फोन आले. मधे बाईंची गरज उरली नाही. बोर्ड न्यायला ट्रक आला. बोर्ड काही जिन्यातून उतरेना, म्हणून सुताराला बोलावून त्याचे दोन तुकडे केले. बाई खाली रस्त्यावर उभ्या राहून पाहत होत्या. पुढची वर्षं त्यांनी बिलांच्या खिडकीवर काढली. तिथे लोक समोर यायचे, पण बोलायचे ते फक्त बिलाबद्दल.

निवृत्त झाल्यावर भावाने शहरात बोलावून घेतलं. "एकटी काय करतेस तिथे? आमच्याकडे ये." बाई गेल्या. वहिनी वाईट नव्हत्या. भाचरंही आत्या, आत्या करायची. पण त्या घरात प्रत्येक खुर्ची कुणाची ना कुणाची होती. बाई जिथे बसतील तिथून त्यांना थोड्या वेळाने उठावं लागायचं. एक दिवस त्यांनी ट्रंक भरली. दादा रागावला, पण गावाकडच्या बसमध्ये बसवून देताना त्याने एक टेपरेकॉर्डर हातात ठेवला. "गाणी ऐक. वेळ जाईल."

गाणी त्यांनी फारशी ऐकली नाहीत. कानाला बोलण्याची सवय होती, गाण्याची नव्हती.

त्याच सुमारास नावाडी वारला. पूल होऊन जमाना झाला होता, त्यामुळे त्याची नाव कधीच काठावर उलटी पडलेली. पण पुलाच्या आधी, शेवटची खेप निघायच्या वेळी तो एक हाक घालायचा. लांब, मधेच वळण घेणारी, नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू जाणारी. एक्स्चेंजच्या खिडकीतून ती हाक आली की बाई समजायच्या, दिवस संपला. तो वारल्यावर चहाच्या टपरीवर म्हातारे त्या हाकेबद्दल बोलत होते. एकाने ती काढून दाखवली. दुसरा म्हणाला, "छे, शेवट असा नव्हता," आणि त्याने वेगळी काढली. तिसऱ्याने दोघांना वेड्यात काढून आणखी तिसरीच काढली. बाई पलीकडे पावाच्या दुकानात उभ्या होत्या. त्यांना कळलं की तिन्ही चूक आहेत. आणि हेही कळलं की बरोबर कोणती ते आपल्याला आठवतंय, पण आपल्यालाही काढता येत नाही. काल-परवापर्यंत गावात असलेली गोष्ट आता कुठेच नव्हती.

त्या घरी आल्या आणि त्यांनी टेपरेकॉर्डरसोबतचं माहितीपत्रक उलगडून वाचलं. कोणतं बटण दाबलं की आवाज साठतो, ते त्यांना पाहायचं होतं.

गावाचा इतिहास जमवायचा, असं काही त्या कुणाला म्हणाल्या नाहीत. एवढा मोठा शब्द त्यांच्या तोंडात बसला नसता. जुनी माणसं आहेत तोवर त्यांच्या तोंडून गाव ऐकून ठेवायचं, इतकंच मनात होतं. सुरुवात कापडगिरणीपासून करावी असं त्यांना वाटलं, कारण गावाला गाव म्हणून नाव मिळालं ते गिरणीमुळे. गिरणी बंद पडून ओसाड झाली होती. मालक गेले होते. मालकीणबाई होत्या, टेकाडावरच्या मोठ्या घरात.

बाई टेपरेकॉर्डर पिशवीत घालून फाटकापाशी गेल्या. गड्याने आत वर्दी दिली आणि तो परत आला तो खाली मान घालून.

"मालकीणबाई म्हणतात, तिने पुष्कळ ऐकलंय आमचं. आणखी काही सांगायचं नाही."

मग त्या दुसऱ्या घरी गेल्या, तिसऱ्या घरी गेल्या. कुणी चहा दिला, कुणी पाणी. तोंड कुणी उघडलं नाही. कापडवाल्यांची सून तर हसत हसत म्हणाली, "काकू, तुम्हाला सगळं माहीतच आहे की. आम्हीच तुमच्याकडे येऊन ऐकायला हवं!" ती गमतीने म्हणाली, पण तिच्या सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

गावभर झालं. बाई आता यंत्र घेऊन फिरते. आधी ऐकलं, आता साठवणार. त्या आठवड्यात बाईंच्या खोलीवर कधी नव्हे ते पाहुणे आले. एकेकटे, एकमेकांना चुकवून. कापडवाले केळी घेऊन आले, कंत्राटदार बिस्किटांचा पुडा घेऊन आले. इकडचं तिकडचं बोलून झालं की प्रत्येक जण सहज विचारतोय असं दाखवत विचारायचा, "काय बाई, स्मरणशक्ती कशी आहे हल्ली?"

"कुठली हो! बाजारातून काय आणायचं तेसुद्धा विसरते," बाई म्हणायच्या.

औषधांच्या दुकानाचे मालक सवयीने बोलून गेले, "मग रोज बदाम भिजवून..." आणि त्यांनी वाक्य तिथेच गिळलं. बदाम काही सुचवले नाहीत.

ते गेल्यावर बाई एकट्याच हसल्या. हसण्यात सामील व्हायला कुणी नव्हतं, त्यामुळे हसणं लवकर संपलं. केळी खाऊन संपेनात. उरलेली त्यांनी चक्कीवर येणाऱ्या पोरांना वाटून टाकली.

टेपरेकॉर्डर बरेच दिवस फळीवर पडून राहिला, त्याच्यावर पिठाची साय चढली. मग एका दुपारी पडल्या पडल्या बाई मनातल्या मनात बोर्ड आठवत होत्या. कोणतं भोक कुणाचं, वरच्या ओळीत कोण, खालच्या ओळीत कोण. सगळी आठवून झाली आणि त्या उठून बसल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की बोर्डावर अख्खं गाव आहे. बोर्डावर होती ती थोडीशी घरं. वीटभट्टीला कुठे फोन होता? धोब्यांना कुठे होता? विहिरी खणणाऱ्यांना, गिरणीतल्या हमालांना, रंगाच्या हौदांवरच्या बायकांना? त्या लोकांचा एक शब्द बाईंच्या कानात नव्हता. म्हणजे त्यांना बाईंपासून लपवायलाही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या वीटभट्टीवर गेल्या.

भट्टीवरची म्हातारी सावलीत बसली होती. तिचं आयुष्य साच्यात माती भरण्यात गेलेलं, बोटं वाकडी झालेली. तिने यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"यात बोललं की ते कुठे जातं?"

"कुठे नाही, मावशी. यातच राहतं."

"आणि मी मेल्यावर?"

"तेव्हाही राहील."

"मग थांब जरा," म्हातारी म्हणाली. तिने केस सारखे केले, घसा खाकरला आणि नीट बसली. "विचार आता. आजवर मला कुणी काही विचारलेलं नाही, त्यामुळे पुष्कळ शिल्लक आहे."

आणि खरोखरच पुष्कळ शिल्लक होतं. गावातलं कोणतं घर कुठल्या मातीचं आहे ते तिने सांगितलं. पोस्टाच्या विटा तळ्याच्या मातीच्या, टेकाडावरच्या मोठ्या घराच्या विटा पहिल्या भाजणीच्या. आणि बसस्थानकाच्या जागी पूर्वी भट्टीवाल्यांची झोपडी होती, तिथेच ती जन्मली. ओल्या विटांवरून तिचं पोर धावलं होतं, त्या पावलांच्या विटा तशाच भाजून निघाल्या आणि कुणाच्यातरी भिंतीत गेल्या. पोर पुढे तापाने गेलं. "कुणाच्या भिंतीत आहेत ते कळलं असतं तर," ती म्हणाली आणि थांबली. टेपवर तिथे नुसता वारा आहे. मग बाईंचा आवाज येतो, "हं... मग?"

तिथून बाई थांबल्या नाहीत. धोब्याने नदीतल्या दगडांची नावं सांगितली. एक बसका, एक उलटी वाटी, एक सासू. "सासू का हो?" तर म्हणाला, "कपडा कितीही आपटा, हिचं समाधानच होत नाही!" विहिरी खणणाऱ्याने कोणत्या घराखाली कोणती विहीर बुजवली आहे ते सांगितलं. रंगाच्या हौदावर काम केलेल्या बाईने सांगितलं की तिसऱ्या गल्लीला तेव्हा सगळे ओली गल्ली म्हणत. हौदाचं पाणी तिच्यातून वाहायचं आणि त्या गल्लीतली कुत्री गुडघ्यापर्यंत निळी असायची. बाहेरगावचं माणूस पहिल्यांदा आलं की दचकायचं.

घरी येऊन बाई प्रत्येक टेपवर माणसाचा धंदा आणि वस्ती लिहून ठेवायच्या. संध्याकाळी जेवायला बसल्या की एखादी टेप लावायच्या. खोलीत कुणीतरी बोलत असायचं, आणि ताटावर बसून त्या मधेच मान हलवायच्या. एकदा भिंतीपलीकडून चक्कीवाल्याने विचारलं, "बाई, पाहुणे आलेत का?" "हो," बाई म्हणाल्या, आणि आवाज थोडा कमी केला.

पुढे नगरपालिकेला शंभर वर्षं व्हायची होती. गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं आणि वाचनालयात एक खोली त्यासाठी राखायची असं ठरलं. काम निवृत्त हेडमास्तरांकडे आलं. हेडमास्तर बोलायच्या आधी तीनदा खाकरायचे, पण माणूस कष्टाळू. दप्तरखान्याच्या धुळीत महिनोन्महिने बसून त्यांनी जुने कागद लावले होते. धोब्याकडून त्यांना बाईंच्या टेपांचं कळलं आणि ते सरळ खोलीवर आले. एकच खुर्ची होती ती त्यांना दिली, बाई ट्रंकेवर बसल्या. ओल्या गल्लीची टेप लागली तसे हेडमास्तर न खाकरताच ओरडले, "मिळाली! नकाशात हौद आहेत, पण पाणी कुठून जायचं ते कळत नव्हतं!" विहीरवाल्याच्या टेपमध्ये त्यांनी चूकही काढली. दोन दुष्काळांची त्याने गल्लत केली होती. बाईंनी ती मान्य केली. दोघं संध्याकाळपर्यंत वाद घालत बसले. गावात आल्यापासून बाईंशी कुणी इतका वेळ वाद घातला नव्हता. हेडमास्तर गेल्यावर त्यांचा कप उचलताना बाईंच्या लक्षात आलं की आपला घसा बसलाय, बोलून बोलून.

वाचनालयातल्या खोलीत कुणाकुणाच्या टेपा ठेवायच्या ती नावं फळ्यावर लागली, तेव्हा मोठ्या घरांत खळबळ उडाली. भट्टीवाली आहे, धोबी आहे, हमाल आहेत. आपण कुठे आहोत? औषधवाले हेडमास्तरांना म्हणाले, "अहो, मी तर केव्हापासून तयार आहे, बाई आल्याच नाहीत!" बाई पुन्हा त्या घरांत गेल्या. आता लोक बोलले, छापील बोलावं तसं, आजोबांच्या दानधर्माबद्दल. बाईंनी तेही ठेवलं. जे ऐकू येईल ते ठेवायचं.

आणि टेकाडावरून निरोप आला. मालकीणबाईंनी बोलावलं होतं.

मालकीणबाईंची गोष्ट बाईंना जितकी ठाऊक होती तितकी गड्यालाही नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला होता, दूरच्या शहरात नोकरी करत होता. मालक दुपारी झोपले की मालकीणबाई ट्रंककॉल मागायच्या, त्याच्या कचेरीचा. तिकडची ऑपरेटर त्याला विचारायची आणि बाईंना सांगायची, "पार्टी बोलायला तयार नाही." पहिल्या दिवशी हे जसंच्या तसं आईला सांगायला बाईंची जीभ रेटली नाही. त्या म्हणाल्या, "लाइन लागत नाही, मालकीणबाई." दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोज तेच. वर्षानुवर्षं.

आता मालकीणबाई खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या. खूप थकल्या होत्या, पण नजर तशीच करडी. बाईंनी यंत्र टेबलावर ठेवून बटण दाबलं.

"चालू झालं?"

"हो."

"मग आधी मी विचारते," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाची लाइन. खरंच लागत नव्हती?"

बाईंचा हात आपोआप बटणाकडे गेला. यंत्र बंद झालं. बागेत कुणीतरी झाडत होतं, त्याचा आवाज आत येत होता.

"लागायची," बाई म्हणाल्या.

"मग?"

"ते बोलायला तयार नसायचे."

"रोज?"

"रोज."

मालकीणबाईंनी मान हलवली, जणू ओळखीचाच हिशेब जुळला होता. "मला अंदाज होता. तू 'लागत नाही' म्हणायचीस तेव्हा तुझा आवाज मऊ व्हायचा. बाकी वेळी तू अशी मऊ नसायचीस. म्हणून तर तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती मला. एकदाही तयार झाला नाही तो?"

बाई गप्प बसू शकल्या असत्या. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"एकदा तुम्ही आजारी होतात," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस फोन नाही केलात. तेव्हा तिकडची ऑपरेटर मला म्हणाली, 'तुमच्या त्या बाईंचा कॉल हल्ली येत नाही का? साहेब विचारत होते.'"

"साहेब म्हणजे?"

"तुमचा मुलगा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर आधीचं सगळं 'लाइन लागत नाही' खोटं होतं हे कळलं असतं. मला वाटलं, त्याचाच जास्त त्रास होईल."

"तुला वाटलं," मालकीणबाई म्हणाल्या.

झाडण्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. मालकीणबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या रडतील असं बाईंना वाटलं, रागावतील असं वाटलं. दोन्ही झालं नाही.

"यंत्र चालू कर," त्या शेवटी म्हणाल्या. "गिरणीचं सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. पहिला भोंगा वाजला तेव्हा गाई दावी तोडून पळाल्या होत्या. मालकांना यंत्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. संपात दारावर दगड आले आणि एक दगड त्यांनी आठवण म्हणून ठेवून घेतला. मालकांच्या चुकाही त्यांनी झाकल्या नाहीत. बाईंनी जमवलेल्या सगळ्या टेपांत ती सर्वांत चांगली आहे, असं हेडमास्तर अजून म्हणतात. मुलाचा त्यात एक शब्द नाही.

निघताना बाई दारात थांबल्या. काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात होतं.

"पुन्हा येऊ नकोस," मालकीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "झालं आता तुझं-माझं."

टेकाड उतरताना बाईंना पहिल्यांदाच असं वाटलं की पोटातलं एक काहीतरी कमी झालंय आणि तिथे हलकं वाटण्याऐवजी नुसतं रिकामं वाटतंय. पुढे कितीतरी दिवस त्यांनी टेप लावली नाही. गप्प राहून आपण माणसांना जपलं, या एका समजुतीवर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

मालकीणबाई त्याच हिवाळ्यात गेल्या.

वाचनालयातली खोली सुरू झाली. भाषणं झाली, लोक आले, आपापल्या घरच्या टेपा ऐकून गेले. नंतर गर्दी ओसरली. बाई मात्र रोज दुपारी तिथे जाऊन बसायच्या, कुणी आलं तर टेप लावून द्यायला. बहुतेक दिवस कुणी यायचं नाही. भट्टीवरची म्हातारी अधूनमधून यायची, स्वतःचाच आवाज ऐकायची आणि म्हणायची, "ही कोण बाई, किती बोलते!"

एका दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. अंगात शहरी कोट, हातात किल्ल्यांचा मोठा जुडगा. टेकाडावरचं घर आवरायला आले होते. त्यांनी गिरणीची टेप मागितली. हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "पुन्हा लावाल?" बाईंनी पुन्हा लावली.

ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"माझ्याबद्दल काही बोलली का ती?" त्यांनी विचारलं. "टेपमध्ये नसेल, पण एरवी?"

बाईंनी टेबलाची कड धरली.

"त्या आजारी असताना तुम्ही विचारलं होतंत. फोन का येत नाही म्हणून."

त्यांनी दचकून वर पाहिलं.

"ते त्यांना कळलं," बाई म्हणाल्या. "फार उशिरा कळलं. पण गेल्या त्याच्या आधी कळलं."

"कुणी सांगितलं?"

"मी. मी इथल्या एक्स्चेंजवर होते."

त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, यंत्र चालू कर."

त्यांच्या तोंडून हसू फुटलं, आणि मधेच मोडलं. "अगदी तिच्यासारखं," ते म्हणाले. किल्ल्या उचलल्या, नमस्कार केला आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत. घर विकलं गेलं.

बाईंनी टेप उलटी फिरवून जागेवर ठेवली, खिडकी लावली. घरी आल्या तेव्हा चक्की बंद झाली होती आणि भिंत अगदी शांत होती. त्यांनी भाजी चिरली, पोळी लाटली, एकटीचं जेवण करून ताट धुऊन ठेवलं. झोपायच्या आधी पिशवीत कोऱ्या टेपा भरल्या. गिरणीच्या जुन्या हमालांच्या वस्तीतून निरोप आला होता. तिथली एक म्हातारी म्हणत होती, तब्येत बरी आहे तोवर येऊन जा.